टायरचे वयोमान

टायरचे वयोमान म्हणजे टायर कारखान्यात तयार झाल्यापासून लोटलेला काळ, आणि त्या काळात टायरच्या रबरात व अंतर्गत रचनेत होत जाणारे बदल. टायर दोन प्रकारे निकामी होतो. रस्त्याशी घासून त्याची नक्षी झिजते, हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात उष्णता, प्राणवायू, ओझोन आणि सूर्यप्रकाश यांमुळे रबर जीर्ण होते. झीज डोळ्यांना दिसते व मोजता येते, पण जीर्णता पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. त्यामुळे नक्षी शाबूत असलेला पण अनेक वर्षांचा जुना टायर सुरक्षित आहे का, हा प्रश्न वाहनचालक, टायर उत्पादक, परिवहन खाते आणि न्यायालये यांच्यासमोर वारंवार येतो. भारतात टायरच्या नक्षीच्या खोलीसंबंधी कायदा आहे. खाजगी मोटारीच्या टायरच्या वयासंबंधी मात्र कोणतीही कायदेशीर मर्यादा नाही.

रचना

आजच्या मोटारींचे टायर बहुतांशी रेडियल पद्धतीचे व ट्यूबरहित असतात. रस्त्याला टेकणाऱ्या जाड थराला धावपृष्ठ म्हणतात. त्यावरील खाचा म्हणजेच नक्षी होय. धावपृष्ठाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यांच्याखाली एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाणारे पॉलिएस्टर वा अन्य धाग्यांचे थर असतात. आतल्या बाजूस हवा धरून ठेवणारे अस्तर असते व ते ब्यूटाइल जातीच्या रबराचे केलेले असते. रिमवर घट्ट बसणाऱ्या काठात पोलादी तारेचे कडे असते.

हे सर्व थर रबराच्या आधाराने परस्परांना चिकटलेले असतात. कच्चे रबर उन्हाळ्यात मऊ व चिकट होते आणि थंडीत कडक होते. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्यांमध्ये पूल बांधतात व त्यामुळे रबराला लवचिकता आणि बळकटी येते. टायर जुना होणे म्हणजे मुख्यतः या साखळ्यांमध्ये व पुलांमध्ये कालांतराने घडणारा बिघाड होय.

जीर्णतेची कारणे

ऑक्सिडीकरण : हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. टायरमध्ये हवा दाबाखाली भरलेली असल्यामुळे प्राणवायू आतल्या अस्तरातून हळूहळू झिरपत बाहेरच्या थरांकडे जातो. वाटेत त्याची रबराशी रासायनिक क्रिया होते. रबर कडक होते, त्याची ताणशक्ती घटते आणि पोलादी पट्ट्यांच्या कडांशी असलेली पकड सैल पडते. हा बिघाड आतून बाहेर सरकत असल्याने बाह्य निरीक्षणात तो सापडत नाही.

उष्णता : रासायनिक क्रियेचा वेग तापमानाच्या दर १० अंश सेल्सियस वाढीमागे साधारणतः दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणून उष्ण प्रदेशातील टायर थंड प्रदेशातील टायरपेक्षा लवकर जीर्ण होतात. हवा कमी असलेला टायर चालताना अधिक दबतो, त्याच्या बाजूंची सतत घडी पडते व आत उष्णता साठते. जादा भार व जादा वेग यांचाही परिणाम असाच होतो.

ओझोन व सूर्यप्रकाश : हवेतील ओझोन वायू ताणलेल्या रबराच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो. त्यास प्रतिबंध करण्यासाठी रबरात मेण व ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. टायर फिरत असताना ती पृष्ठभागावर येत राहतात व संरक्षक थर तयार करतात. वाहन दीर्घकाळ एकाच जागी उभे राहिल्यास ही क्रिया मंदावते. कमी वापरलेल्या वाहनाच्या टायरला भेगा लवकर पडलेल्या दिसतात, त्याचे हे एक कारण आहे. जुन्या टायरच्या बाजूंवर दिसणारा तपकिरी रंग याच रसायनांमुळे येतो. तो स्वतः दोष नव्हे.

साठवण व आघात : ऊन, तेल, डिझेल, वीजयंत्रांतून निघणारा ओझोन यांच्या सान्निध्यात ठेवलेला टायर वापराआधीच खराब होऊ शकतो. खड्ड्याच्या आघाताने आतील धागे तुटल्यास बाजूला फुगा येतो. असा टायर कितीही नवा असला तरी तो वापरण्यास अयोग्य ठरतो.

या बिघाडाचा सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे धावपृष्ठ पट्ट्यांपासून सुटणे. वेगात असताना धावपृष्ठाचा पापुद्रा निघाला की वाहन एका बाजूस खेचले जाते, व उंच बांधणीचे वाहन उलटण्याचा धोका निर्माण होतो. बोलीत या सर्व प्रकारांना सरसकट 'टायर फुटला' असे म्हटले जाते. तांत्रिकदृष्ट्या मात्र एकदम हवा जाणे व पापुद्रा सुटणे या भिन्न घटना आहेत.

वय ओळखण्याची पद्धत

टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनंतर एक संकेतांक कोरलेला असतो. त्यातील शेवटचे चार अंक उत्पादनाचा काळ सांगतात. पहिले दोन अंक आठवडा व नंतरचे दोन अंक वर्ष दर्शवितात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा, अर्थात जून महिन्याचा आरंभ. २००० सालापूर्वीच्या टायरवर तीनच अंक असत. असा टायर आज आढळल्यास तो पाव शतकाहून जुना समजावा. काही टायरवर पूर्ण संकेतांक एकाच बाजूस असतो आणि ती बाजू वाहनाच्या आत वळलेली असल्यास चाक काढल्याशिवाय तो वाचता येत नाही.

टायरचे वय उत्पादनाच्या आठवड्यापासून मोजले जाते. खरेदीची वा बसविण्याची तारीख त्यासाठी धरली जात नाही. दुकानातून 'नवा' म्हणून घेतलेला टायर गोदामात वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेला असू शकतो. जुनी मोटार विकत घेताना चारही टायर व स्टेपनी यांवरील अंक स्वतंत्रपणे वाचावे लागतात, कारण ते एकाच वेळी बसविलेले असतीलच असे नाही.

वयाची मर्यादा : मतभेद

टायर नेमका किती वर्षांनी बदलावा याविषयी एकमत नाही. अनेक मोटार उत्पादक आपल्या वाहन-पुस्तिकेत सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात. मिशेलिनसारखे टायर उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी व दहा वर्षांनंतर, टायर दिसण्यास चांगला असला तरी, तो बदलावा असे सांगतात. ब्रिटनमधील रबर उत्पादकांच्या संघटनेने २००१ मध्ये अशी शिफारस केली होती, की सहा वर्षांहून जुना न वापरलेला टायर बसवू नये आणि उत्पादनापासून दहा वर्षांनी प्रत्येक टायर बदलावा.

सहा व दहा या दोन आकड्यांमधील अंतराचे कारण असे की जीर्णतेचा वेग हवामान, भार, हवेचा दाब, वापर आणि टायरची जात यांवर अवलंबून असतो. एकाच आठवड्यात तयार झालेले दोन टायर, एक सावलीच्या गॅरेजमध्ये व दुसरा उन्हात उभ्या असलेल्या वाहनावर, सहा वर्षांनी सारख्या स्थितीत नसतात. वयाची सक्तीची मर्यादा घातल्यास चांगले टायरही फेकून द्यावे लागतील व ग्राहकावर बोजा पडेल, असा एका पक्षाचा आक्षेप आहे. आतील बिघाड सामान्य माणसास तपासता येत नसल्यामुळे वय हाच त्याच्या हाती असलेला एकमेव सोपा निकष आहे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे.

कमी चालणाऱ्या मोटारीचा प्रश्न

वर्षाकाठी १५ हजार किलोमीटर धावणाऱ्या मोटारीचे टायर बहुधा जीर्ण होण्यापूर्वीच झिजतात व बदलले जातात. याउलट, वर्षाला ३ हजार किलोमीटरच धावणाऱ्या मोटारीचा, ४० हजार किलोमीटर टिकणारा टायर झिजण्यास तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर नक्षी उत्तम दिसत राहील, पण रबराची मर्यादा केव्हाच संपलेली असेल. निवृत्त व्यक्तींच्या मोटारी, सणावारी किंवा लग्नकार्यासाठीच बाहेर काढलेली वाहने, मुले परगावी असल्याने गावाकडे उभ्या राहणाऱ्या गाड्या या गटात येतात. अशी मोटार एरवी गावातल्या गावात हळू चालते आणि एखाद्या दिवशी पूर्ण कुटुंब व सामान घेऊन द्रुतगती मार्गावर जाते. जीर्ण टायरवर सर्वाधिक ताण नेमका त्याच दिवशी येतो.

स्टेपनीची गोष्टही अशीच आहे. ती रस्त्याला लागलेली नसल्याने नवीच वाटते, परंतु दाबाखालील प्राणवायू व उन्हाळ्याची उष्णता यांचा परिणाम तिच्यावरही होत असतो. अमेरिकेत उष्ण हवामानाच्या फिनिक्स शहरातून गोळा केलेल्या टायरच्या अभ्यासात स्टेपनीच्या रबरातही जीर्णता आढळली.

परदेशांतील घटना व कायदे

अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. फोर्ड एक्सप्लोरर या वाहनावरील या टायरची धावपृष्ठे सुटून झालेल्या अपघातांत दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले होते, व त्यांपैकी पुष्कळ घटना दक्षिणेकडील उष्ण राज्यांत घडल्या होत्या. उत्पादनातील दोष, कमी हवा व उष्णता यांची त्यात सरमिसळ होती. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने टायर-सुरक्षेसंबंधी नवा कायदा केला आणि टायरच्या वयोमानाच्या संशोधनास चालना मिळाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००८ मध्ये काढलेल्या सूचनेत एका मोठ्या विमा कंपनीच्या २००२ ते २००६ या काळातील माहितीचा उल्लेख आहे. त्या कंपनीचे २७ टक्के ग्राहक पाच उष्ण राज्यांतील होते, पण टायरसंबंधी ७७ टक्के दावे त्याच राज्यांतून आले आणि त्यांपैकी ८४ टक्के दावे सहा वर्षांहून जुन्या टायरचे होते.

चित्रपट अभिनेता पॉल वॉकर याचा ३० नोव्हेंबर २०१३ रोजी मोटार अपघातात मृत्यू झाला. त्या मोटारीचे टायर नऊ वर्षांचे होते. तपास यंत्रणेने अतिवेग हे मुख्य कारण ठरविले, तथापि टायरच्या वयामुळे मोटारीच्या हाताळणीवर परिणाम झाला असू शकतो, असेही नमूद केले.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये हिंडहेड येथे एका प्रवासी बसचा पुढचा टायर निकामी होऊन तीन जण दगावले. तो टायर १९ वर्षांहून अधिक जुना होता व त्या वेळच्या कायद्यात वयाची मर्यादा नव्हती. अपघातात मुलगा गमावलेल्या फ्रान्सिस मॉलॉय यांनी कायदा बदलण्यासाठी अनेक वर्षे मोहीम चालविली. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये मालमोटारी व बसच्या पुढील आसावर, तसेच मिनीबसच्या एकेरी चाकांवर, दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास बंदी करण्यात आली. खाजगी मोटारींना हा नियम लागू नाही.

भारतातील कायदेशीर स्थिती

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. त्यानुसार नक्षीची खोली दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांसाठी किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. मोटारीच्या टायरच्या खाचांत या उंचीचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. धावपृष्ठ झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० अन्वये असुरक्षित स्थितीतील वाहन रस्त्यावर आणणे हा अपराध आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशान्वये भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मोटारीच्या टायरसाठी आयएस १५६३३ हे मानक लागू होते. हे मानक नव्या टायरचे आहे. वापरातील टायरचे वय त्याच्या कक्षेत येत नाही.

व्यावसायिक वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते व त्या वेळी टायर पाहिले जातात. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी होते आणि नोंदणीच्या नूतनीकरणापर्यंत तिची सक्तीची यांत्रिक तपासणी होत नाही. या काळात होणारी 'पीयूसी' चाचणी केवळ धुराची असते. परिणामी खाजगी मोटारीच्या टायरची जबाबदारी व्यवहारात पूर्णतः मालकावर राहते.

२०२० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी बाळगण्याच्या सक्तीतून सूट देण्यात आली.

महाराष्ट्र

महाराष्ट्रात टायर उद्योगाची मोठी परंपरा आहे. सिएट कंपनीची स्थापना भारतात १९५८ मध्ये मुंबईत झाली. भांडुप, नाशिक व नागपूर येथे तिचे कारखाने उभे राहिले. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे व पुणे जिल्ह्यात चाकण येथेही टायरनिर्मिती होते. वाहन चाचणीच्या क्षेत्रात पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि अहिल्यानगरची, संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील, वाहन संशोधन व विकास संस्था या दोन संस्था प्रमुख आहेत.

मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय : ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या मोटारीचा टायर फुटून झालेल्या अपघातात एका ३८ वर्षीय प्रवाशाचा मृत्यू झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबीयांना सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. टायर फुटणे ही दैवी आपत्ती असल्याचा दावा करीत विमा कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये हे अपील फेटाळले. माणसाचा हात नसलेली, आवरता न येणारी नैसर्गिक घटना म्हणजे दैवी आपत्ती. टायर फुटण्यास अतिवेग, कमी वा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी कारणे असतात आणि प्रवासापूर्वी टायर पाहणे हे चालकाचे वा मालकाचे कर्तव्य आहे, असा या निर्णयाचा आशय आहे.

समृद्धी महामार्ग : ७०१ किलोमीटर लांबीच्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. येथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. पहिल्या काही महिन्यांतील अपघातांनंतर परिवहन विभागाने प्रवेशस्थानांवर टायरची तपासणी सुरू केली व झिजलेले टायर असलेल्या वाहनांना परत पाठविले. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ खाजगी बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याने अपघात झाल्याचे प्रारंभी सांगण्यात आले, परंतु प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा न मिळाल्याचे नमूद झाले. 'टायर फुटला' हे कारण तपासापूर्वीच गृहीत धरले जाते, याचे हे ठळक उदाहरण होय.

सुपा व परिसर : अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर असून तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस याच पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आज या रस्त्यावर कारखान्यांचे कंटेनर, कामगारांच्या बस, शेतमालाचे टेम्पो, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि खाजगी मोटारी एकत्र धावतात. तालुका अवर्षणप्रवण असून उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो. उष्णता, भार व वेग ही जीर्णतेला पोषक असलेली तिन्ही कारणे अशा रस्त्यावर एकत्र येतात.

ग्रामीण भागात जुन्या टायरला दुसरे आयुष्य मिळते. जिल्ह्याच्या ऊस पट्ट्यात साखर कारखान्यांना ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांना रबरी चाके असतात व त्यांना 'टायरगाडी' म्हणतात. बैलाच्या चालीने जाणाऱ्या गाडीचा टायर निकामी झाला तर बहुधा खोळंबाच होतो. तशाच अवस्थेतील टायर ताशी ८० किलोमीटर वेगाच्या मोटारीस लावल्यास प्राणघातक ठरू शकतो. जुना टायर 'चालतो' हा अनुभव म्हणूनच एका वाहनावरून दुसऱ्यास लागू होत नाही.

पुनःस्तरण

झिजलेल्या टायरवर नवे धावपृष्ठ चढविण्याच्या क्रियेस पुनःस्तरण म्हणतात; बोलीत अशा टायरला 'रिमोल्ड' म्हणतात. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची स्वतःची पुनःस्तरण संयंत्रे आहेत. मालमोटार व बसचे टायर पुनःस्तरणासाठीच मजबूत बांधलेले असतात आणि असे टायर साधारणतः मागच्या चाकांवर वापरतात. पुनःस्तरणाने धावपृष्ठ नवे होते, पण आतील सांगाड्याचे वय तेच राहते. टायरवरील मूळ अंक खरवडून नुसत्या खाचा पाडून विकलेला टायर हे पुनःस्तरण नव्हे. अशा खाचांमुळे पट्ट्यांवरील रबराचा थर आणखी पातळ होतो.

तपासणी व काळजी

टायरची सुरक्षितता ठरविताना पुढील गोष्टी पाहिल्या जातात :

– उत्पादनाचा आठवडा व वर्ष (स्टेपनीसह);
– बाजूंवर वा खाचांच्या तळाशी भेगा; नख रुतेल एवढ्या किंवा धागे दिसणाऱ्या भेगा धोक्याच्या समजतात;
– बाजूला आलेला फुगा, धावपृष्ठाचा उंचवटा;
– नक्षीची खोली व एकाच कडेची झीज (चाकांची अलाइनमेंट बिघडल्याचे लक्षण);
– नव्याने जाणवणारी थरथर वा लयबद्ध आवाज, जो पापुद्रा सुटू लागल्याचा इशारा असू शकतो;
– वारंवार कमी होणारी हवा.

हवेचा दाब टायर थंड असताना, वाहनाच्या दारावरील किंवा पुस्तिकेतील आकड्यानुसार, महिन्यातून एकदा व लांबच्या प्रवासापूर्वी तपासावा. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा हा कमाल दाब असतो, शिफारस केलेला नव्हे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवण्याची प्रथा अपायकारक आहे, कारण कमी हवेमुळे टायर अधिक तापतो. नायट्रोजन भरल्याने आतून होणारे ऑक्सिडीकरण मंदावते, परंतु तो बाहेरच्या उष्णतेपासून वा ओझोनपासून संरक्षण देत नाही आणि आधीच जीर्ण झालेला टायर त्याने सुधारत नाही. दोनच नवे टायर घ्यावयाचे असल्यास ते मागील चाकांवर बसविण्याचा सल्ला दिला जातो, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटल्यास सामान्य चालकास मोटार सावरणे कठीण जाते.

विल्हेवाट

बाद टायर उघड्यावर ठेवल्यास त्यांत पावसाचे पाणी साचून डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासांची पैदास होते. जाळल्यास विषारी धूर होतो. २०२२ पासून केंद्र शासनाने टायर उत्पादक व आयातदार यांच्यावर बाद टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. वयामुळे बाद केलेला टायर दुकानदाराकडे सोडताना तो पुन्हा विकला जाऊ नये यासाठी बाजूवर छेद देऊन निकामी करण्याची पद्धत काही ठिकाणी पाळली जाते.

हेही पाहा

रबर · व्हल्कनीकरण · रस्ता सुरक्षा · समृद्धी महामार्ग · सुपा (पारनेर) · महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ